पहिल्या शॉटमधलं गाव

मित्रमैत्रिणींनो, एक साधा प्रयोग करून बघा. आज मेसमधून जेवून आलात की रूममेटला डोळे मिटून बसायला सांगा आणि त्याने न पाहिलेल्या एखाद्या सिनेमाची पहिली दोन मिनिटं त्याला नुसती ऐकवा. पाऊस कोसळतोय, दार करकरतंय, लांब कुठेतरी कुत्रं रडतंय... तो लगेच सांगेल, भुताचा आहे! ढोलकीवर थाप पडली, घुंगरं वाजली, की तमाशाचा. नुसता वारा घोंघावतोय, कुणी काही बोलतच नाही, मध्येच एक टिटवी ओरडली, की साहेब डोळे उघडून म्हणणार, "अवॉर्डवाला दिसतोय, बंद कर यार!"

चित्र एकही बघितलं नाही, गोष्ट कळली नाही, पण सिनेमा कुठल्या जातीचा हे ओळखलं. कसं काय? तर सिनेमाची सुरुवात हा दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांच्यातला एक करार असतो. "पुढचे दोन-अडीच तास मी तुम्हाला हसवणार आहे," किंवा "घाबरवणार आहे," किंवा "जरा शांत बसा, सावकाश सांगणार आहे," असं तो न बोलता, आवाजातून आणि चित्रातून सांगून टाकतो.

आपल्याकडे ही गोष्ट सिनेमाच्याही आधीपासून आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ओव्हर्चर' हा शब्द मला 'नांदी'च्या आधी माहीत झाला. पण तिसरी घंटा झाली, पडद्यामागून नांदी सुरू झाली, की संगीत नाटकाचा प्रेक्षक सावरून बसायचा. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि मग वग. गण सुरू झाला की लोकांना कळायचं, आता गप्पा बंद. आणि हा नेम किती पक्का होता बघा, की १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं तेव्हा त्याचीही सुरुवात गणपतीच्या नाचानेच झाली! प्रेक्षकांना वाटलं, नेहमीचं मंगल नमन आहे. पुढे जे घडतं ते अजिबात मंगल नाही. म्हणजे ओळखीची खूण द्यायची आणि तिच्याच आडून धक्का द्यायचा, ही युक्ती आपल्या रंगभूमीला चांगली माहीत होती.

सिनेमाने हे सगळं उचललं. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या आणि पुढे पुण्यात स्थिरावलेल्या प्रभात कंपनीचं बोधचिन्ह आठवा, तुतारी फुंकणारी स्त्री. ती एक प्रकारे तिसरी घंटाच. १९४९ च्या 'महल'मध्ये वादळी रात्र, ओसाड हवेली आणि निवेदकाचा गंभीर आवाज एवढ्यावर भयाची तयारी होते. १९७५ साली तर दोन्हीकडे कमाल झाली. तिकडे 'जॉज'मध्ये जॉन विल्यम्सने दोनच सुरांत समुद्राची भीती बसवली आणि इकडे 'शोले'. आगगाडी येते, एक माणूस उतरतो, मग दोन घोडेस्वार खडकाळ डोंगरांतून निघतात आणि मागे आर. डी. बर्मनचं संगीत. नावं संपायच्या आत प्रेक्षकाला कळलेलं असतं, की हे गाव हिंदुस्थानातलं असलं तरी गोष्ट काऊबॉयच्या चालीने जाणार आहे.

आता आमच्या ब्रँचच्या भाषेत सांगते. (मेकॅनिकलवाल्यांनी थोडं सहन करावं!) इथरनेटची फ्रेम पाठवताना आधी सात बाइट्स एक-शून्य एक-शून्य असे जातात. त्याला प्रिॲम्बल म्हणतात. त्यात माहिती काहीच नसते. ते फक्त समोरच्या रिसीव्हरला सांगतं, "तयार हो, ताल जुळव, डेटा येतोय." प्रिॲम्बल दरवेळी सारखंच असावं लागतं, नाहीतर ताल जुळणार नाही. सिनेमातलं करकरणारं दार, ढोलकीची थाप, घोड्यांच्या टापा हे सगळं प्रिॲम्बल आहे. ते ओळखीचं असण्यात काही गैर नाही. उलट ते ओळखीचं आहे म्हणूनच काम करतं.

घोटाळा कुठे होतो? डेटासुद्धा दरवेळी सारखाच यायला लागला, की तिथे. आणि इथेच मला मनापासून काही सांगायचं आहे.

माझं आजोळ राजूर. जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं गणपतीचं राजूर. ही साडेतीन गणेशपीठांतली जागा मानतात. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने गॅदरिंगच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. विषय ठरला शेतकरी. लगेच मला विचारणा झाली, "तुझं आजोळ मराठवाड्यात ना? मग भेगाळलेली जमीन मिळेल ना शूटिंगला?" महिना होता सप्टेंबर. मामाला फोन केला तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अगं बाई, कपाशी कमरेला लागलीय, सोयाबीन पिवळं पडायला आलंय. भेगा बघायच्या असतील तर मे महिन्यात या, आत्ता चिखल आहे!" मी ग्रुपला हे सांगितलं. त्यावर उपाय निघाला तो असा, की फुकट मिळणारी भेगाळलेल्या जमिनीची एक क्लिप घ्यायची, मागे वाऱ्याचा आवाज टाकायचा आणि बाकी सगळ्या शॉट्सना ग्रेडिंगमध्ये पिवळा रंग मारायचा. मी विरोध केला. मतं झाली, चार विरुद्ध एक. लोकशाही आहे, काय करणार!

गॅदरिंगला फिल्म लागली. भेगाळलेली जमीन, त्यावर सूर्य, वारा, सुकलेलं झाड. अर्धं मिनिटही झालं नसेल, मागच्या रांगेतून एक आवाज आला, "आता हा फाशी घेणार!" आणि सगळं ऑडिटोरियम हसलं.

मित्रहो, मला त्या ओरडणाऱ्या मुलाचा राग आला नाही. तो स्वतः शेतकऱ्याच्या घरचा आहे, हे मला नंतर कळलं. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एका माणसाचा जीव जाणार आहे आणि त्यावर हॉलभर हसू येतं, इतकी आपण ती खूण वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. क्लॉड शॅननने १९४८ साली गणिताने दाखवून दिलं, की जो संदेश येणार हे आधीच शंभर टक्के माहीत आहे, त्यात माहिती शून्य. भेगाळलेल्या जमिनीच्या त्या शॉटमध्ये आता माहिती शून्य उरली आहे. तो दुष्काळ दाखवत नाही, 'दुष्काळाचा सिनेमा' दाखवतो.

कोणी म्हणेल, मग मराठवाड्यात दुष्काळ नाही का? आहे ना! २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात पाण्याअभावी मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडली. हे खोटं कोण म्हणेल? पण बघा, "वाढवलेली मोसंबी स्वतः तोडणं" हे ऐकलं की पोटात कसं तुटतं. कारण ते तिथलं आहे, त्या जिल्ह्याचं आहे. भेगाळलेली क्लिप कुठलीही असू शकते. आमच्या फिल्ममधली तर बहुतेक भारतातलीही नव्हती!

आणि दुष्काळ हे सगळं गाव नव्हे. जालना म्हणजे बियाण्यांच्या कंपन्यांचं शहर. तिथली महिको १९६४ सालची. जालना म्हणजे लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिल. राजूरमध्ये अंगारकी चतुर्थीच्या पहाटे काय आवाज असतात, एकदा ऐकाच. जालन्याहून रात्रभर पायी चालत आलेल्या माणसांची चप्पल नसलेली पावलं, एस.टी.चे हॉर्न, नारळ फुटल्याचे आवाज, हरवलेल्या पोराचं नाव पुकारणारा लाउडस्पीकर, आणि त्या सगळ्या गर्दीत आज्जीचं "हात सोडू नको गं" असं दर दोन मिनिटांनी ऐकू येणारं वाक्य. यातला एक तरी आवाज कुठल्या सिनेमाच्या सुरुवातीला तुम्ही ऐकलाय? गाव म्हणजे प्रिॲम्बल नाही. गाव म्हणजे डेटा आहे, प्रत्येक ठिकाणी वेगळा. त्यावर एकच शिक्का मारला, की त्या गावातून आलेल्या माणसावरही तोच शिक्का बसतो. मग हॉस्टेलवर कुणी "मी जालन्याचा" म्हटलं, की समोरचा आधी "पाण्याचं कसं आहे तुमच्याकडे?" असं विचारतो आणि त्याने बोलायला तोंड उघडलं, की त्याच्या बोलीवर हसतो. कारण सिनेमात ती बोली नेहमी विनोदी पात्राच्याच तोंडी ऐकलेली!

बरं, चांगलं करणारे नाहीत असंही नाही. २०१३ चा 'फँड्री' घ्या. सुरुवातीला तिथेही उजाड माळच आहे. पण त्या माळावर जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे लागलाय. आपण जमीन बघतच नाही, त्या पोराला काय हवंय ते बघतो. पहिल्या मिनिटात हातात आलेला दगड शेवटी कुठे येतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. २०१६ चा 'सैराट' उघडतो क्रिकेटच्या मॅचवर आणि तिथल्या धमाल कॉमेंट्रीवर. करार सरळ असतो, हसा, खेळा, प्रेमात पडा. म्हणूनच शेवटी आवाज पूर्ण काढून घेतला जातो तेव्हा ती शांतता सहन होत नाही. २०१४ चा 'कोर्ट' म्हणजे कोर्टाचा सिनेमा. आपल्याला सवय कशाची, तर टेबलावर मुठी आपटणाऱ्या वकिलांची. पण तो सुरू होतो एका छोट्या खोलीत शिकवणी घेणाऱ्या म्हाताऱ्या शाहिरापासून आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्याच शॉटमध्ये सांगून टाकलं, इथे कुणी डायलॉग मारणार नाही, तुम्हीच नीट बघा.

शेतकरी आत्महत्येवरही असंच करता येतं. सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर बायको घाबरते आणि नवऱ्याला खूश ठेवायला त्याच्यावर पाळत ठेवते, गोडधोड करून घालते. हसू येतं आणि त्याच वेळी गळा दाटतो. ते हसू आमच्या ऑडिटोरियममधल्या हसण्यापेक्षा किती वेगळं आहे! एक हसू माणूस ओळखल्याचं, दुसरं शिक्का ओळखल्याचं.

आता थोडं आपल्या बघण्याबद्दल. २०१७ पासून 'स्किप इंट्रो' नावाचं बटण आलंय आणि आपली बोटं आता त्याच्याशिवाय चालत नाहीत. टी.व्ही. हॉलमध्ये तर सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी चप्पल फटफटवत मंडळी येत असतात, खुर्च्या ओढत असतात. मग मध्यावर येऊन "काही कळत नाही, बोअर आहे" असा निकाल! अरे, प्रिॲम्बल चुकवलं तर फ्रेम कशी वाचणार? करार वाचायचा नाही आणि मग फसवलं म्हणून ओरडायचं, याला काय अर्थ आहे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, टी.व्ही. हॉलमध्ये सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर यायच्या आधी दिवे बंद आणि दार बंद. (रेक्टर सरांनी मनावर घेतलं तर मेसची वेळ शनिवारी पंधरा मिनिटं अलीकडे आणता येईल, ही नम्र विनंती.) दोन, ज्यांना यंदा शॉर्टफिल्म करायची आहे त्यांनी पहिल्या शॉटसाठी सुचलेल्या पहिल्या पाच कल्पना कागदावर लिहाव्यात आणि पाचही खोडाव्यात. त्या आपल्या नसतात, आधी पाहिलेल्या सिनेमांच्या असतात. सहावीपासून आपलं काहीतरी सुरू होतं. आणि तीन, कॅमेरा काढायच्या आधी मोबाइलवर त्या जागेचा दहा मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा. याला एक रुपया लागत नाही. हॉस्टेलच्या दर खोलीतला माणूस वेगळ्या गावचा आहे. किनवटचा, सावंतवाडीचा, बेळगावचा, चोपड्याचा. प्रत्येकाच्या गावाची पहाट वेगळी वाजते.

यंदाच्या गॅदरिंगला निदान पाच फिल्म तरी येतील. त्यांतल्या एखादीच्या सुरुवातीला असा एक आवाज यावा, की मागच्या रांगेतल्या त्या मुलाला पुढे काय होणार ते ओरडून सांगता येऊ नये. तो गप्प बसला आणि पुढे सरकून बघायला लागला, की समजा फिल्म जमली. बक्षीस मिळो वा न मिळो!

बघा, पटतंय का.