टाइल फोडण्याआधी फ्लशची प्लेट उघडा

कमोडमध्ये पाण्याची बारीक धार रात्रंदिवस चालू आणि टाकी भिंतीच्या आत. प्लंबर भिंतीवर टकटक करतो आणि निकाल देतो, ‘टाइल फोडावी लागेल.’ तशी टाइल आता बाजारात मिळत नाही, म्हणून घरातले गप्प बसतात आणि धार वाहत राहते.

दहा मिनिटांत एक लिटर पाणी गेले, तरी दिवसाला 144 लिटर होतात. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे, असा सरकारी निकष आहे. म्हणजे घरात एक जादा माणूस पोसल्यासारखेच झाले, तेही अनेक सोसायट्यांत टँकरच्या पाण्यावर.

खरे तर बहुतेक कन्सील्ड टाक्यांमध्ये दुरुस्तीची वाट बटणामागेच ठेवलेली असते. प्लेट वर सरकवून किंवा पुढे ओढून निघते. मागचे झाकण काढले की हात जाईल एवढी खिडकी दिसते. आत पाणी बंद करायचा छोटा कॉक, टाकी भरणारा फ्लोटचा व्हॉल्व्ह आणि तळाशी रबरी वॉशरवर बसलेला फ्लश व्हॉल्व्ह असतो. हे भाग त्याच खिडकीतून काढता येतात.

बिघाड कुठे आहे, ते पाण्याच्या पातळीवरून कळते. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत सांडत असेल, तर फ्लोटचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. पातळी नळीच्या खाली असूनही धार येत असेल, तर कॉक बंद करून थांबावे. टाकीतले पाणी आपोआप उतरू लागले, तर तळाच्या वॉशरकडे पाहावे. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर पांढरे, खरखरीत कडे धरतात. व्हिनेगरमध्ये भिजवून ते निघते. रबर कडक झाले असेल, तर वॉशर बदलावा. कधी दोष याहून साधा असतो : बटणामागच्या दांड्या लांब राहिल्याने व्हॉल्व्ह सतत थोडा दाबलेला असतो. आटे फिरवून त्या कमी केल्या की काम होते.

भिंतीला ओल असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोडावे लागू शकते.

पण एरवी हातोडा निघतो तो बांधतानाच्या हलगर्जीपणामुळे. प्लेट सिलिकॉनने चिकटवलेली असते, खिडकीच्या कडा टाइलने झाकलेल्या असतात. आत कोणते मॉडेल आहे, हे बिल्डरने कधी सांगितलेले नसते. मग प्लंबरने नेमका वॉशर आणायचा कुठून?

रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. झिजलेल्या वॉशरसाठी ही तरतूद नाही; पण उघडताच न येणारी प्लेट हा कामातलाच दोष मानायला हवा. ताबा घेताना ग्राहकाने प्रत्येक बाथरूममधली प्लेट आपल्यासमोर उघडायला लावावी, आतला कॉक फिरतो का ते पाहावे आणि मॉडेलचा क्रमांक ताब्याच्या कागदांवर लिहून घ्यावा.