काचबिंदूचे ड्रॉप्स 'आठवले तर' घालायचे नसतात

पोस्ट थोडी मोठी आहे, पण आई-बाबांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर पूर्ण वाचा.

आपण फोनवर विचारतो, "ड्रॉप्स घातले ना?" तिकडून "हो" आलं की विषय संपला. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. "कुठले ड्रॉप्स, आणि किती वाजता?" हे विचारायला हवं.

कारण डोळ्यातला दाब चोवीस तास सारखा राहत नाही. साधारण १० ते २१ हा आकडा नॉर्मल धरतात, पण तो मोजला जातो दिवसा, खुर्चीत बसवून. आडवं झालं की दाब वाढतो. बऱ्याच जणांचा तो रात्री किंवा पहाटे सर्वात जास्त असतो. म्हणजे दुपारी क्लिनिकमध्ये रीडिंग चांगलं आलं तरी ती अर्धीच गोष्ट.

ड्रॉप्सही सगळे सारखे नसतात. टिमोलॉल डोळ्यात पाणी तयार होणं कमी करतं. पण झोपेत ते मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे रात्री त्याचा फारसा उपयोग होत नाही. लॅटानोप्रोस्टसारखे ड्रॉप्स पाण्याला बाहेर जायची वाट मोकळी करतात, म्हणून दिवसातून एकदा, बहुधा संध्याकाळी घालूनही दिवसरात्र काम करतात. पण रोज घातले तरच! आणि टिमोलॉल दम्याच्या पेशंटला त्रासदायक ठरू शकतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगितलंय का, तेही विचारा.

"आता नीट दिसतंय, कशाला रोज?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. काचबिंदू बहुधा दुखत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून पुन्हा स्वच्छ दिसेल, असं इथे होत नाही. ड्रॉप्स नजर सुधारायला नसतात, उरलेली टिकवायला असतात.

आई-बाबा सहा महिने राहायला येतात तेव्हा तर जास्तच घोळ होतो. पुण्यातले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा. नवी वेळ कशी बसवायची आणि किती बाटल्या आणायच्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. ड्रॉप्स हँडबॅगेतच हवेत, चेक-इन बॅगेत नकोत.

या शनिवार-रविवारच्या कॉलवर एवढं करा: बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, नाव आणि वेळ लिहून घ्या, दोघांच्याही फोनमध्ये अलार्म लावा. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरायचा.

आणि आपलंही बघा. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्यालाही धोका जास्त असतो. मुलांची प्रत्येक अपॉइंटमेंट आपण वेळेवर गाठतो, स्वतःची मात्र पुढे ढकलतो. चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा "घरात काचबिंदू आहे" एवढं आवर्जून सांगा.