बाटली बंद करण्याचा अधिकार

दोन वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात समाजसेविका होते. एके दिवशी सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर माझ्याकडे आल्या. त्यांना मेमो मिळाला होता, उत्तर लिहायला मदत हवी होती.

रात्री एका बाईला रक्त चढत होतं. तिसरं बाळंतपण, हिमोग्लोबिन पाच. दुसरी बाटली (आपण बाटलीच म्हणतो, असते पिशवी) अर्धी झाली आणि ती म्हणाली, ‘दम लागतोय, आडवं पडवत नाही.’ सासू म्हणाली, घाबरलीय. मावशींनी गप पडून राहायला सांगितलं. सिस्टरनी मात्र तिचे श्वास मोजले आणि रक्त बंद केलं. सुई तशीच ठेवून सलाइन हळू सुरू केलं, बाईला उठून बसवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना निरोप धाडला. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न, ‘कुणाला विचारून बंद केलंत?’ पुढे लघवी होण्याचं इंजेक्शन दिल्यावर बाई पहाटेपर्यंत सावरली.

हा मेमो मला आपल्या चळवळीचा प्रश्न वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे. त्यातल्या ज्यांचं फारच कमी, त्यांचं हृदय आधीच थकलेलं असतं. रक्त भरभर गेलं की त्याला भार पेलत नाही, फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून अशा बाईला रक्त हळू द्यायचं असतं आणि तिच्यावर नजर ठेवायची असते. पहिली पंधरा मिनिटं तर खाटेपासून हलायचं नाही, असं शिकवलं जातं. चाळीस खाटांना रात्री एकच सिस्टर असेल तर ते जमावं कसं?

दुसरा धोका वेगळा आहे. रक्तदात्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना चिथावतात, फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. हे बहुधा सहा तासांच्या आत होतं. ताप येतो, रक्तदाब अनेकदा उतरतो. इथे लघवीचं औषध उपयोगी नाही, उलट घातक ठरू शकतं. गर्भारपण येऊन गेलेल्या बायकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं अधिक सापडतात. म्हणून ब्रिटनने २००३ पासून प्लाझ्मा मुख्यतः पुरुष दात्यांचा वापरायला सुरुवात केली आणि हे प्रकार बरेच कमी झाले. (यावरून कुणी ‘बाईचं रक्तच वाईट’ असा शोध लावू नये. तिच्या लाल पेशी रुग्णाच्या कामी येतातच.)

दोन्हींत फरक करणं डॉक्टरांचं काम. पण दोन्हींची सुरुवात एकाच वाक्याने होते, ‘दम लागतोय.’ आणि दोन्हींत पहिली कृती एकच: रक्त थांबवणं. ती हुकमाची वाट पाहत बसली तर काय होईल, हे सांगायला पदवी लागत नाही. तरीही सिस्टरनं हुकूम पाळावा, निर्णय घेऊ नये, हीच आपल्या रुग्णालयांची रीत. न थांबवलं तर हलगर्जी, थांबवलं तर आगाऊपणा!

थांबवल्यावरही काम उरतंच. पिशवीवरचं नाव-नंबर पुन्हा ताडून पाहायचा, पिशवी नळीसकट रक्तपेढीकडे परत पाठवायची, वेळ लिहायची. अशा घटनांची देशपातळीवर नोंद ठेवण्यासाठी डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण जिथे नोंद करणारीलाच मेमो मिळतो, तिथे फॉर्म कोण भरणार?

आपल्यापैकी ज्या रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांनी एवढं तरी मागावं: रुग्णाला दम लागला तर परिचारिकेनं विचारल्याशिवाय रक्त बंद करावं, असा लेखी आदेश प्रत्येक वॉर्डात लावा. आणि रक्त चालू असेल त्या रात्री दुसरी सिस्टर द्या. बायकांच्या बैठकांतही सांगू या की रक्त चढताना, आणि नंतरही, दम लागला, छाती भरून आली, तर मोठ्याने बोला. सोबतच्या बाईनं तिला गप्प करू नये.

मेमोचं उत्तर आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. किती वाजता, श्वास किती, नाडी किती, किती रक्त गेलं होतं. माफी मागितली नाही. महिन्याभरात सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली.