कानाचे मशीन खणात का जाते?

घरातल्या आजोबांना कानाचे मशीन मिळते. कधी शिबिरात, कधी दुकानातून, तर कधी परगावी नोकरीला असलेला मुलगा ते ऑनलाइन मागवतो. पहिले आठ दिवस ते कानात असते. मग 'नुसता गोंगाट होतो', 'शिट्टी वाजते' अशा तक्रारी सुरू होतात आणि महिन्याभरात मशीन डबीसकट खणात जाते. घरचे म्हणतात, 'त्यांना सवयच करून घ्यायची नाही.' अनेकदा दोष आजोबांचा नसतो. मशीन त्यांच्या कानाशी जुळवूनच दिलेले नसते.

जुळवणे म्हणजे काय, हे आपल्या खिशातला मोबाइल चांगले शिकवतो. टॉवरकडून निघालेला सिग्नल एकाच वाटेने येत नाही. इमारतींवर, डोंगरांवर आपटून त्याच्या अनेक प्रती थोड्याथोड्या उशिराने पोहोचतात आणि एकमेकींत मिसळतात. पूर्वी अँटेनाच्या टीव्हीवर चित्राशेजारी भुतासारखे दुसरे चित्र दिसे, ते याच कारणाने. डिजिटल सिग्नलमध्ये एक अंक पुढच्या अंकावर सांडतो. हा गोंधळ निस्तरणाऱ्या यंत्रणेला ॲडाप्टिव्ह इक्वलायझर म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्जचे रॉबर्ट लकी यांनी १९६५च्या सुमारास टेलिफोनच्या तारांवरून माहिती पाठवण्यासाठी असा स्वतःहून जुळवून घेणारा इक्वलायझर मांडला.

त्यातली युक्ती साधी आहे. पाठवणारा मधूनमधून असे काही पाठवतो, जे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते. काय यायला हवे होते आणि काय आले, यातला फरक पाहून इक्वलायझर स्वतःत दुरुस्ती करतो. जीएसएम मोबाइलमध्ये संभाषणाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याच्या मधोमध असे २६ बिट राखून ठेवलेले असतात. बोलणे चालू असताना ही जुळवणी सेकंदाला सुमारे २०० वेळा होते. नुसता सिग्नल मोठा करून भागले असते, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. मोठा केलेला गोंधळ हा गोंधळच राहतो.

वयोमानाने कमी होणाऱ्या ऐकण्याचेही असेच आहे. म्हातारपणात सगळे आवाज सारखे मंद होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे. स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. पण स, श, त, फ यांसारखी हलकी, उंच पट्टीची व्यंजने निसटतात. मग 'साप', 'ताप' आणि 'शाप' सारखेच वाटतात. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही,' हे वाक्य कानाच्या ओपीडीत रोज ऐकू येते, त्याचे कारण हे आहे. घरचे मोठ्याने ओरडतात तेव्हा स्वर आणखी जोरात होतात, व्यंजने मात्र तितकी स्पष्ट होत नाहीत. सगळेच आवाज सरसकट वाढवणारे मशीन हेच करते. पंखा, भांडी, रस्त्यावरचे हॉर्न असे सगळे मोठे होते, शब्द मात्र तसेच राहतात.

म्हणून आधी ऑडिओमेट्री लागते. शांत खोलीत ठरावीक पट्टीचे आणि ठरावीक जोराचे आवाज ऐकवून कोणता ऐकू आला, कोणता नाही, याची नोंद होते. कानाच्या बाबतीत 'आधीच ठाऊक असलेला सिग्नल' तो हाच. लाउडस्पीकर चालू असलेल्या मांडवात ही तपासणी केली, तर नोंदच चुकते आणि पुढची सगळी जुळवणीही. तपासणीनंतर कोणती पट्टी किती वाढवायची, हे मशीनमध्ये भरावे लागते. कानाचा साचा नीट बसावा लागतो. तो सैल असला की बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते.

'हे मशीन आपोआप शिकते' अशा जाहिराती असतात. आधुनिक मशीन भोवतालचा गोंगाट ओळखते, शिट्टी दाबते, हे खरे. पण लांबलेला बासरीचा सूर त्याला कधीकधी शिट्टीच वाटते. म्हणून संगीतासाठी वेगळी सेटिंग असते. आणि त्या माणसाला मुळात कोणती पट्टी किती ऐकू येते, हे कोणीतरी तपासल्याशिवाय मशीनला कळत नाही. घरच्या घरी जुळवता येणारी काही मशीनसुद्धा आधी मोबाइलवर चाचणी घेतात.

दुसरी जुळवणी मेंदूची. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज अचानक आले की ते त्रासदायक वाटतात. इक्वलायझरचे अभियंते एक गोष्ट जाणतात: दुरुस्तीची पावले फार मोठी घेतली तर यंत्रणा भरकटते, फार लहान घेतली तर ती कधी वेळेत पोहोचतच नाही. नव्या मशीनचा आवाजही अनेकदा थोडा कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. एका भेटीत हे काम होत नाही.

आपली व्यवस्था मात्र एकाच भेटीवर चालते. गरजू दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजना १९८१पासून आहे, बहिरेपणा नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. हेतूबद्दल शंका नाही. पण शिबिराचे यश 'किती मशीन वाटली' यावर मोजले जाते आणि फोटो निघाला की काम संपते. सहा महिन्यांनी त्यातली किती कानात आहेत, हे विचारलेच जात नाही.

ऑडिओलॉजिस्ट कमी आहेत, गावे दूर आहेत, ही अडचण खरी आहे. म्हणूनच मोजमाप बदलायला हवे. शंभर मशीन वाटून सोडून देण्यापेक्षा साठ वाटावीत आणि उरलेल्या पैशांतून तीन-चार आठवड्यांनी दुसरी भेट व त्यानंतर तिसरी ठरवावी. साचा साफ करणे, सेल बदलणे, शिट्टीचे कारण पाहणे ही कामे तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित सहायकही करू शकतो. जुळवणी तेवढी तज्ज्ञाकडे जावी. पुरवठ्याच्या निविदेत मशीनच्या किमतीसोबत या भेटींचा खर्चही धरावा.

घरच्यांनीही मशीन घेताना तीन प्रश्न विचारावेत. शांत खोलीत तपासणी झाली का? तिच्या नोंदीनुसार मशीन जुळवले का? पुन्हा कधी यायचे? तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर खरेदी थांबवावी. आणि खणात आधीच पडलेले मशीन असेल, तर नवे घेण्याआधी ते आणि आजोबा, दोघांनाही एकदा ऑडिओलॉजिस्टकडे न्यावे.