‘घरी न्या’ म्हणजे कुठे?

‘आता इलाज उरला नाही, घरी न्या’, असे सांगून केसपेपर मिटला जातो. कर्करोगाचा इलाज संपला असेल. वेदना संपलेली नसते. आणि बीड जिल्ह्यात ‘घर’ म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतले एक जण आजाऱ्यापाशी थांबले तर कोयता मोडतो, मुकादमाची उचल फिटत नाही. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे.

केरळने २००८ साली उपशामक सेवेचे धोरण आखले. तिथे शेजारीपाजारी आजाऱ्याच्या उशाशी बसतात, याचे कौतुक जरूर करावे. पण तेच चित्र बीडला आणू पाहणाऱ्यांना विचारावेसे वाटते : पौष महिन्यात शेजारी आणायचा कुठून?

गरीब जिल्ह्याला हे चोचले कशाला, असेही म्हणणारे आहेत. मॉर्फिनची गोळी काही महाग नव्हे. कायदेशीर अफू आपल्याच देशात पिकते. नीमच व गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टर धास्तावले, हे खरे. पण २०१४ साली संसदेने परवान्यांचे जंजाळ सैल केले. आता अडते ते ‘सवय लागेल’ या भीतीपाशी. ज्याचे दोन महिने उरले आहेत, त्याला सवय लागेल म्हणून तळमळत ठेवायचे!

आपल्यातही ‘दुःख प्रभूला अर्पण करा’ असा उपदेश आजाऱ्याला करणारे कमी नाहीत. आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरी वेदनाशमन ग्राह्य आहे, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितले होते. स्वतःचे दुःख अर्पण करता येते, दुसऱ्याचे नव्हे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून हे काम करते आहे, पण बीडहून तिथे जायचे म्हणजे रात्रभराची एसटी.

अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे व प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन ठेवावे. ते चार-चार तासांनी कसे द्यायचे, सोबत पोट साफ ठेवणारे औषध का लागते, हे परिचारिकांना व आशाताईंना शिकवावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले आहे. आजाऱ्यापाशी थांबणाऱ्याची त्या हंगामाची उचल त्यातून फेडावी. नाहीतर चार तासांनी ती गोळी देणार कोण, सात वर्षांची नात?