निविदेत न मावणारे तांबे

जोलारपेट्टैहून पिण्याचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी चेन्नईत आली ती १२ जुलै २०१९ रोजी. शहराचे जलाशय तेव्हा आटले होते. आज त्याच चेन्नईच्या परिसरात डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांची चर्चा जमीन, वीज व सागरी केबल यांपाशीच थांबते. आतली उष्णता बाहेर कशी टाकायची, हा वातानुकूलनाच्या ठेकेदाराचा प्रश्न, असे आम्ही प्रशासकीय मंडळी मानत आलो.

हा समज आता परवडणारा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एनव्हिडियाची ‘एच १००’ ही चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. जवळजवळ इस्त्रीइतकी उष्णता, पण टपाल तिकिटाएवढ्या सिलिकॉनमधून. अशा चिपांची दाटी झाली की हवेचा झोत अपुरा पडतो. चिपवर तांब्याची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून द्रव खेळवावा लागतो. तिरुचिरापल्लीच्या एनआयटीमधील ‘परम पोरुल’ हा महासंगणक २०२२ पासून द्रवानेच थंड ठेवला जातो.

या पट्टीच्या गुणवत्तेवर पाण्याचा हिशेब अवलंबून आहे. ती सुमार असेल तर आत थंडगार पाणी सोडावे लागते. ते थंड करण्यासाठी चिलर आणि बऱ्याचदा कूलिंग टॉवर लागतो, जिथे पाण्याची वाफ होऊन जाते. पट्टी उत्तम असेल तर चाळिशीच्या पुढचे कोमट पाणीही चालते आणि वर्षातील बहुतेक दिवस बंद नळ्यांतले तेच पाणी नुसत्या पंख्यांवर निववता येते.

इथे धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचा संबंध येतो. पारंपरिक पद्धतीत धातूवर सरळ चर कोरतात आणि वर झाकण झाळतात. प्रिंटिंगमध्ये धातूच्या भुकटीचा थरावर थर लेसरने वितळवत वस्तू घडते; त्यामुळे चर हवे तसे वळवता येतात, गळणारा सांधा उरत नाही. नासाच्या ॲलन शोन यांनी १९७० मध्ये वर्णिलेला ‘जायरॉइड’ पृष्ठभाग अवकाशाचे एकमेकांत गुंफलेले, पण कधीही न मिळणारे दोन भाग करतो. दोन द्रवांनी न मिसळता उष्णतेची देवघेव करावी, यासाठी याहून सोयीची रचना सुचणे कठीण. कोरीव कामाने मात्र ती साधत नाही.

अडचणी आहेतच. तांबे नेहमीचा अवरक्त लेसर परतवून लावते. हिरवा लेसर चालतो, पण यंत्र महागते. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू सहज छापले जातात, पण त्यांची उष्णतावाहकता तांब्याच्या निम्म्याहूनही कमी. चर फार बारीक केले तर भुकटी आत अडकते आणि पंपावरचा भार वाढतो.

कौशल्य आपल्याकडे नाही असे नाही. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापील इंजिन ६६५ सेकंद चालवले. १४ सुट्या भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्डिंगचे सांधे गेले. पण तिथे आराखडा करणारा, चाचणी घेणारा आणि वापरणारा एकच होता. इतर सरकारी खात्यांत खरेदी निविदेने होते.

माझ्या सेवाकाळातील एक फाइल आठवते. संगणक कक्षाच्या शीतकरणासाठी दोन प्रस्ताव होते. महाग प्रस्तावात वीज बरीच कमी लागणार होती. स्वस्त निवडला गेला, त्यावर माझीही सही आहे. पुढे दर उन्हाळ्यात त्या खोलीचे दार उघडे ठेवून उभे पंखे लावावे लागत.

वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली, ती कामे आणि सल्लागारेतर सेवा यांपुरती. थ्रीडी प्रिंटिंगचे राष्ट्रीय धोरण फेब्रुवारी २०२२ चे. त्यात २०२५ पर्यंत जागतिक बाजारातील ५ टक्के वाटा, १०० नवउद्यम, ५०० उत्पादने अशी उद्दिष्टे होती. मुदत सरली. नवउद्यम मोजणे सोपे असते. त्यांचा माल पारखून घेणारा ग्राहक घडवणे हे अवघड काम. बंद धातूच्या आतला चर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून किती वॅट, किती तापमानाच्या पाण्यावर, किती दाबाने वाहून नेले, याचे प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र प्रयोगशाळा हवी. वातानुकूलन यंत्रांवरच्या ऊर्जा तारांकनाची योजना २००६ ची. दुकानात ग्राहक काय विचारतो, हे तिने बदलले.

मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १० हजार ३०० कोटींहून अधिक खर्चाच्या ‘इंडिया एआय मिशन’मध्ये सरकार संगणनक्षमता ताशी दराने मिळवते. त्या प्रत्येक तासामागे किती लिटर पाणी गेले, हा रकाना पुढील निविदेत घालायला कायदा बदलावा लागणार नाही.