दया नको, मैत्री हवी

मिरजोळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या औद्योगिक वसाहतीतील मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलण्याच्या कामाला जातात. मुलगी बारावीला आहे. रत्नागिरीतील एका सौंदर्यस्पर्धेत तिने नाव दिले आहे. वाडीतली माणसे नावे ठेवू लागली आहेत. ‘बौद्धाच्या पोरीला हे शोभते काय?’ असे विचारतात. मुलीला पाठवू की नको, असा या माउलीचा प्रश्न आहे. सोबत मुलीने स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिलेली तीन उत्तरेही त्यांनी पाठविली आहेत.

ती आम्ही वाचली. दयाळूपणा म्हणजे काय? ‘गोरगरिबांवर दया करणे.’ प्रगल्भता म्हणजे काय? ‘वयाबरोबर येणारी समज.’ आयुष्याने काय शिकविले? ‘कधीही हार मानू नये.’ उत्तरे वाईट नाहीत, पण ती पाठ केलेली आहेत. तिचे खरे उत्तर आईच्या पत्रात ओझरते आले आहे. एस.टी.त आईच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बरोबरच्या मुली नाकाला रुमाल लावतात. तेव्हा ही मुलगी त्यांच्यातून उठते आणि आईच्या शेजारी जाऊन बसते. फॉर्मवर मात्र यातले एक अक्षरही नाही!

अशा स्पर्धांत गोड बोलण्याचे वजन फार. १९९२ साली बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत नागपूरच्या मधू सप्रे यांना विचारले गेले, देशाची सूत्रे हाती आली तर काय कराल? त्या खेळाडू होत्या. क्रीडांगण उभारीन, असे त्यांनी सांगितले. त्या तिसऱ्या आल्या. गरिबीबद्दल बोलायला हवे होते, असे पुष्कळांनी म्हटले. आम्हाला ते उत्तर प्रामाणिक वाटते. १९९४ साली मनिलात अठरा वर्षांच्या सुश्मिता सेन यांनी स्त्रीच्या प्रेमाबद्दल, माया लावण्याबद्दल उत्तर दिले आणि मुकुट जिंकला. पुढे २००० साली, चोविसाव्या वर्षी, लग्न न करता त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. मंचावरच्या शब्दांची किंमत अशी नंतरच्या वागण्यातून ठरते.

आता ‘दया’ या शब्दाकडे वळू. आपल्या वाडवडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाराही स्वतःला दयाळूच समजत असे. दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी पाणी घेतले, ते कुणाची दया नको होती म्हणूनच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे की, करुणा माणसांपुरती असते. मैत्री तिच्याही पुढे जाऊन सर्व जीवांना कवेत घेते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या भगिनींना बजावले होते की, पत्नीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण आणि बरोबरीची होऊन राहावे. मैत्री बरोबरीच्या नात्यातच नांदते. आईच्या शेजारी जाऊन बसणाऱ्या मुलीने आईवर दया केली नाही. तिने मैत्री केली.

आणि प्रगल्भता? बिंबिसार राजाची राणी खेमा रूपाच्या अभिमानाने तथागतांसमोर जायलाही तयार नव्हती. रूप सरते हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिले आणि अभिमान गळाला. पुढे भिक्खुणींमध्ये प्रज्ञेत तिचे स्थान पहिले मानले गेले. म्हणजे समज नुसत्या वयाने येत नाही, खरे काय ते पाहण्याच्या तयारीने येते. ही तयारी सतराव्या वर्षीही असू शकते.

तेव्हा भगिनी, मुलीला जरूर पाठवा. स्वतः बरोबर जा. कपड्यांसाठी कर्ज मात्र काढू नका. गोरेपणाच्या मलमांवर पैसे घालवू नका. तिला सांगा, तिन्ही उत्तरे खोडून पुन्हा लिही, आणि एस.टी.त तू जे करतेस तेच लिही. परीक्षक गुण देतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण चार माणसांसमोर ‘माझी आई कोळंबी सोलते’ असे मान वर करून सांगता आले, तर ते धैर्य तिला जन्मभर पुरेल.

वाडीतील बंधु-भगिनींनाही एक विनंती. बौद्धाच्या मुलीला काय शोभते, हे तिच्या पाठीमागे कुजबुजून ठरत नसते. स्पर्धेच्या दिवशी सभागृहात जाऊन बसा, तिचे उत्तर ऐका, आणि मग बोला.

जय भीम!